नोंद आणि रूप : शहरातल्या पुलाच्या छायाचित्रांविषयी

१

पूल ही पाहण्याची वस्तू नव्हे, ओलांडण्याची आहे. पुलावरून जाणाऱ्याला नदी दिसते, पलीकडचा काठ दिसतो, पुढच्या वाहनाची पाठ दिसते. पूल तेवढा दिसत नाही. तो पाहायचा तर त्याच्यावरून खाली उतरावे लागते, काठावर जाऊन उभे राहावे लागते, आणि कामाच्या घाईत असलेल्या माणसाला तेवढी सवड नसते. म्हणून शहरातला नेहमीचा पूल सतत वापरला जातो आणि क्वचितच पाहिला जातो. दुरुस्तीसाठी बंद झाला म्हणजे त्याची आठवण होते, आणि कोसळला म्हणजे त्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात येते.

असे असूनही छायाचित्रणाच्या इतिहासात पुलाला फार मोठे स्थान आहे. ज्या वस्तूकडे रोज हजारो माणसे पाठ फिरवून जातात तिच्यात छायाचित्रकाराला सौंदर्य दिसते, ते नेमके कुठून येते? पुलाच्या बांधणीतून, पाहणाऱ्याच्या दृष्टीतून, की मधे गेलेल्या काळातून? या लेखात आम्ही न्यूयॉर्क, रॉटरडॅम आणि मार्सेय या तीन शहरांतल्या पुलांची काही छायाचित्रे शेजारी-शेजारी ठेवून या प्रश्नाचा विचार करीत आहोत. प्रश्न छायाचित्रणाचा दिसत असला तरी साहित्याच्या अभ्यासकाला तो परका वाटू नये. उपयोगासाठी केलेली नोंद कलाकृती केव्हा होते, आणि कलाकृती म्हणून केलेली निर्मिती नोंद केव्हा होते, हा प्रश्न आपल्या वाङ्मयेतिहासातही पावलोपावली उभा राहतो. त्याकडे आम्ही शेवटी येणार आहोत.

२

छायाचित्रण आणि रेल्वे या दोन्ही गोष्टी युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुजल्या, आणि त्यांची गाठ लवकरच पडली. १८५५ मध्ये इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया फ्रान्सच्या भेटीवर आली, तेव्हा बॅरन जेम्स द रॉथशिल्ड याने तिला भेट देण्यासाठी बुलोन ते पॅरिस या रेल्वेमार्गाच्या छायाचित्रांचा संग्रह एदुआर बाल्दूस या छायाचित्रकाराकडून करवून घेतला. पुढे १८६१ च्या सुमारास बाल्दूसने पॅरिस-लियाँ-भूमध्यसागर या मार्गाचाही असाच संग्रह सिद्ध केला. त्यांतले पूल दुरून, संपूर्ण आणि स्वच्छ उजेडात घेतलेले आहेत. कमानींची रांग मोजता यावी, दगडाची घडण दिसावी, नदीचे पात्र किती रुंद आणि माणसाने ते कसे जिंकले हे एका दृष्टिक्षेपात कळावे, अशी त्यांची रचना आहे. तिच्यात भव्यता आहे. पण ती पराक्रमाची भव्यता आहे. तिथे पूल हा विजयस्तंभासारखा उभा आहे.

शतक पालटताना वारा बदलला. छायाचित्र हीसुद्धा कला आहे हे सिद्ध करण्याच्या ईर्ष्येने एक पिढी पुढे आली आणि तिने आपला आदर्श चित्रकलेत शोधला. धूसर कडा, धुके, संध्याकाळचा उजेड ही त्या पिढीची भाषा होती. ॲल्विन लँग्डन कोबर्न याच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘न्यूयॉर्क’ या पुस्तकात तिथले पूल आहेत. पण ते पोलादाचे वाटत नाहीत, हवेत विरघळत चाललेले वाटतात. छायाचित्रे देखणी आहेत यात शंका नाही. मात्र ते देखणेपण पुलाने दिलेले नाही, धुक्याने दिलेले आहे. पुलाच्या जागी एखादे गलबत असते तरी चित्राचा भाव फारसा बदलला नसता.

या दोन्ही प्रकारांत सौंदर्य बाहेरून आलेले आहे. एकात अभियंत्याच्या कीर्तीतून, दुसऱ्यात चित्रकाराच्या परंपरेतून. ज्या पुलावर ट्रामगाड्या अडकतात, ज्याचा रंग उडतो, ज्याच्या फळ्या बदलाव्या लागतात, तो रोजचा पूल दोहोंपैकी कुणालाच नको होता. त्याच्याकडे पाहण्याची गरज एकाच ठिकाणी होती; ते ठिकाण म्हणजे पुलाची देखभाल करणारे सरकारी खाते.

३

१ जानेवारी १८९८ रोजी ब्रुकलिन, क्वीन्स वगैरे वस्त्या मॅनहॅटनला जोडून आजचे बृहद् न्यूयॉर्क अस्तित्वात आले. पाण्याने विभागलेल्या या शहराला पुलांशिवाय गत्यंतर नव्हते. १८८३ साली खुला झालेला ब्रुकलिन पूल होताच. १९०३ मध्ये विल्यम्सबर्ग पूल, आणि १९०९ या एकाच वर्षात क्वीन्सबरो व मॅनहॅटन असे दोन पूल वाहतुकीला खुले झाले. शिवाय खाड्यांवरचे आणि हार्लेम नदीवरचे लहानमोठे पूल. या सर्वांसाठी महापालिकेत स्वतंत्र पूल-खाते होते, आणि त्या खात्यात छायाचित्रकाराचे एक पद होते.

१९०३ साली यूजीन द सालिन्याक नावाचा बेचाळीस वर्षांचा गृहस्थ या छायाचित्रकाराचा मदतनीस म्हणून नोकरीला लागला. नोकरी मेहुण्याच्या ओळखीने मिळाली होती. १९०६ मध्ये त्याचा वरिष्ठ जोसेफ पामर मरण पावला आणि ते पद द सालिन्याककडे आले. पुढे १९३४ पर्यंत, म्हणजे सुमारे अठ्ठावीस वर्षे, तो हेच काम करीत राहिला. १९१६ मध्ये खात्याचे नाव बदलले, त्याची व्याप्ती वाढली. त्याचे काम तेच राहिले. मोठा कॅमेरा, तिकाटणे आणि आठ बाय दहा इंचांच्या काचा घेऊन तो शहरभर हिंडत असे. कंत्राटदाराचे काम कुठवर आले, कुठला खांब गंजला, अपघातात कठड्याचे काय झाले, वाहतूक कशी तुंबते, या गोष्टी खात्याला कागदावर हव्या असत. बिल चुकते करताना, न्यायालयात दावा लागल्यावर, नवीन खर्च मंजूर करून घेताना त्या उपयोगी पडत. प्रत्येक काचेवर क्रमांक घातला जाई आणि नोंदवहीत तारीख व विषय लिहिला जाई. अशा जवळपास वीस हजार काचा त्याच्या हातून तयार झाल्या. १९४३ मध्ये तो वारला, तेव्हा छायाचित्रकार म्हणून त्याचे नाव कुणाला ठाऊक नव्हते.

या संग्रहातले आज सर्वांत प्रसिद्ध असलेले छायाचित्र ७ ऑक्टोबर १९१४ चे आहे. ब्रुकलिन पुलाच्या मुख्य दोरांपासून खाली लोंबणाऱ्या उभ्या तारा आणि मनोऱ्यापासून निघालेल्या तिरप्या तारा यांची एक जाळी तयार होते. त्या जाळीत रंगारी ठिकठिकाणी बसले, टेकले, पसरले आहेत. माणसे कामात गुंतलेली नाहीत; चित्रासाठी थांबलेली आहेत. त्यांच्या अंगात विलक्षण सैलपणा आहे. खाली खोल पाणी आहे याची त्यांना फिकीर दिसत नाही. आखलेल्या कागदावर अक्षरे विखुरली असावीत तशी ती तारांवर विखुरली आहेत, आणि त्यांच्यामुळे त्या तारांची जाडी, ताण, अंतर या सगळ्याचा अंदाज येतो. खात्याच्या नोंदवहीत मात्र या चित्राची ओळख ‘ब्रुकलिन पूल, तारांवर रंगारी’ अशा अर्थाच्या कोरड्या शब्दांत आहे.

हे चित्र खात्याच्या गरजेपलीकडे गेले आहे हे उघड आहे. रंगकाम झाले याचा पुरावा म्हणून एवढ्या माणसांना एवढ्या तोलाने बसवण्याचे कारण नव्हते. पण ते गरजेपासून तुटलेलेही नाही. तारा कशा बांधल्या आहेत आणि माणूस त्यांच्यापर्यंत कसा पोहोचतो हे जितके या चित्रात कळते तितके बाल्दूसच्या पद्धतीच्या दूरदृश्यात कधीच कळले नसते. वर्षानुवर्षे त्याच पुलावर जाऊन, कुठली तार कुठे जाते हे ठाऊक झालेल्या माणसानेच हे चित्र घेतले आहे.

१९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या महापालिका अभिलेखागारातले छायाचित्रकार मायकेल लोरेन्झिनी खात्याच्या जुन्या चित्रांच्या फिती पाहत होते. एकामागून एक चित्रे सरकत असताना यांतल्या पुष्कळशा चित्रांमागे एकच नजर आहे, असे त्यांच्या ध्यानात आले. काचांवर कोरलेले क्रमांकही तेच सांगत होते. मग जनगणनेचे तक्ते, नोकरीची दप्तरे, जन्ममृत्यूच्या नोंदी धुंडाळून त्यांनी त्या नजरेला नाव मिळवून दिले. २००७ मध्ये या चित्रांचे पुस्तक आणि न्यूयॉर्कच्या शहर-संग्रहालयात प्रदर्शन झाले. आपल्याकडे हस्तलिखितांचा अभ्यास करणारा संशोधक जसा अक्षरवळणावरून आणि शैलीवरून अनामिक कर्त्यापर्यंत पोहोचतो, तसाच हा शोध होता.

४

आता त्याच पुलाकडे पाहणारा दुसरा माणूस. वॉकर एव्हन्स हा १९०३ साली जन्मला. म्हणजे द सालिन्याक नोकरीला लागला त्या वर्षी. त्याला लेखक व्हायचे होते. त्यासाठी तो वर्षभर पॅरिसला राहून आला, पण हाती काही लागले नाही. न्यूयॉर्कला परतल्यावर वॉल स्ट्रीटवरच्या एका दलाल कंपनीत रात्रपाळीची कारकुनी करीत, ब्रुकलिनच्या नदीकाठच्या भागात राहत असताना १९२८-२९ च्या सुमारास त्याने लहानशा कॅमेऱ्याने ब्रुकलिन पुलाची छायाचित्रे घेतली. दिवस त्याचा स्वतःचा होता, आणि कुणी त्याला ते काम सांगितले नव्हते.

एव्हन्स पुलाच्या खाली गेला. त्या मालिकेतल्या काही चित्रांत पुलाचा पोटाकडचा भाग एका प्रचंड काळ्या पट्टीसारखा चौकट तिरपी कापत जातो. काहींत तो वरच्या पादचारी मार्गावर उभा आहे आणि दगडी मनोऱ्याच्या टोकदार कमानी तारांच्या जाळीतून दिसतात. कुठेही पूल अखंड दिसत नाही. तो कुठून कुठे जातो, त्याच्यावर रहदारी किती, हे कळत नाही. उरतात त्या रेषा, काळा-पांढरा तोल, जडत्व आणि उड्डाण. बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे कलाकृतीच्या रूपाचा जो विचार मांडला, त्याचे उदाहरण म्हणून वर्गात दाखवावीत अशी ही चित्रे आहेत.

याच दिवसांत एव्हन्सची हार्ट क्रेन या कवीशी मैत्री झाली. क्रेन १९२३ पासून ‘द ब्रिज’ या दीर्घकाव्यावर काम करीत होता आणि काव्याच्या केंद्रस्थानी हाच पूल होता. पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोब्लिंग पायाच्या कामात जडलेल्या व्याधीमुळे अंथरुणाला खिळला होता आणि खिडकीतून बांधकाम न्याहाळीत असे. त्याच घरात आपण काही काळ राहिलो, याचे क्रेनला अप्रूप होते. आरंभी त्याला पुस्तकासाठी जोसेफ स्टेला या चित्रकाराचे पुलाचे झगझगीत, भव्य चित्र हवे होते. शेवटी १९३० मध्ये पॅरिसच्या ब्लॅक सन प्रेसने ‘द ब्रिज’ प्रसिद्ध केले ते एव्हन्सच्या तीन छोट्या छायाचित्रांसह. काव्यात पूल मिथकाच्या पातळीवर चढतो, देवत्वाच्या जवळ जातो. छायाचित्रे मात्र तळहातावर मावतील एवढी लहान आणि भावनेने आवरलेली आहेत. आम्हांला हा संयोग फार सूचक वाटतो. क्रेनच्या उत्कट वाणीला एव्हन्सचा कोरडेपणा दाबून टाकीत नाही, आणि तिची री ओढीतही नाही. कवी ज्याचे स्तोत्र गातो आहे ते प्रत्यक्षात दगड, तारा आणि सावली आहे, एवढीच आठवण तो करून देतो.

१९२९ साली हे दोघे छायाचित्रकार एकाच शहरात, एकाच पुलावर काम करीत होते. एक अडुसष्टीला पोहोचलेला महापालिकेचा नोकर, दुसरा पंचविशीतला कारकून. एकाला खात्याने पाठवले होते. दुसरा खात्यापासून, म्हणजे स्वतःच्या नोकरीपासून, सुटका करून घेऊन आला होता.

५

पुढे १९७१ मध्ये, कीर्तीच्या शिखरावर असताना, एव्हन्सने एका मुलाखतीत नोंद आणि कला यांच्यात स्पष्ट रेघ ओढली. त्याच्या म्हणण्याचा आशय असा : खुनाच्या जागेचे पोलिसांनी घेतलेले छायाचित्र ही नोंद होय; नोंदीला उपयोग असतो, कलेला नसतो; म्हणून कला कधीच नोंद नसते, ती फार तर नोंदीची शैली उसनी घेते.

मराठी सौंदर्यशास्त्राच्या वाचकाला ही भूमिका ओळखीची वाटेल. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त ज्या अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी अशा दोन ध्रुवांची मांडणी केली, त्यांपैकी पहिल्या ध्रुवाच्या जवळची ही भूमिका आहे. तिचे मूळ कांटपर्यंत जाते. कांटने १७९० च्या आपल्या ग्रंथात वस्तूच्या प्रयोजनाचा विचार न करता भावणारे मुक्त सौंदर्य आणि वस्तू काय असायला हवी या कल्पनेवर अवलंबून असणारे सौंदर्य असा भेद केला, आणि इमारतींना दुसऱ्या प्रकारात घातले. पूलही तिथेच बसेल. पुलाचे सौंदर्य तो पूल आहे हे विसरून पाहता येते का? एव्हन्सची चित्रे म्हणतात, येते. रेषा आणि छाया पुरेशा आहेत.

द सालिन्याकच्या काचा या उत्तराला अडथळा आणतात. त्या निःसंशय नोंदी आहेत. त्यांना उपयोग होता, तारखा होत्या, क्रमांक होते. तरीही त्या सुंदर आहेत. एव्हन्सची रेघ खरी मानायची तर एक तर त्या कला नव्हेत असे म्हणावे लागेल, नाही तर कुणी संपादकाने दप्तरातून बाहेर काढल्यावर त्या कला झाल्या असे म्हणावे लागेल.

दुसरे उत्तर अनेकांना पटते, आणि त्याला जोडून एक शंकाही येते. जुने ते सगळेच देखणे दिसते. शंभर वर्षे उलटली की पावतीचा कागदसुद्धा हळवे करतो. मग रंगाऱ्यांचे चित्र आवडते यात द सालिन्याकचे काय? या शंकेत तथ्य आहे, पण ते अर्धेच आहे. काळाने सगळ्यांवर सारखी कृपा केली असती, तर फिती पाहणाऱ्याला त्यांतली एक नजर वेगळी ओळखता आली नसती. ती ओळखता आली, कारण ती काचेत आधीपासून होती. कॅमेरा कुठे उभा करायचा, माणूस चौकटीत कितपत घ्यायचा, उजेड कुठल्या बाजूने येऊ द्यायचा, हे निर्णय १९१४ सालीच झालेले होते. काळाने फक्त उपयोगाचा पडदा बाजूला केला.

आमच्या मते खरा फरक उपयोग असणे आणि नसणे हा नाही, पुनःपुन्हा जाण्याचा आहे. द सालिन्याकला जावेच लागत होते. पूल एकदा पाहून त्याची सुटका नव्हती. पूल बांधताना, रंगवताना, बिघडताना, गर्दीत आणि रिकामा असताना तो तिथे होता. प्रथमदर्शनाचा धक्का त्याच्यापाशी उरलाच नव्हता. उरली होती ती परिचयाची दृष्टी. एव्हन्सनेही एकच चित्र घेऊन पाठ फिरवली नाही. तो त्या पुलाच्या सान्निध्यात राहत होता आणि त्याच्याकडे परत-परत जात होता. सामान्य वस्तूत सौंदर्य ‘सापडते’ असे आपण म्हणतो, तेव्हा ते अचानक सापडल्यासारखे वाटते. या दोघांच्या बाबतीत ते अचानक आलेले नाही.

६

याच वर्षांत युरोपात उलट दिशेचा प्रवास घडत होता, आणि तो पाहिल्यावाचून आमचे म्हणणे पुरे होत नाही. १९२८ मध्ये जेर्मेन क्रुल हिचा ‘मेताल’, म्हणजे धातू, हा संग्रह पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. चौसष्ट सुट्या चित्रपत्रांच्या या संचात आयफेल मनोरा आहे, बंदरातल्या याऱ्या आहेत, रॉटरडॅमचा उचल-पूल आणि मार्सेयचा वाहक-पूल आहे. पण कुठल्या चित्राखाली कशाचेही नाव नाही. वाचकाने स्थळ विसरावे आणि केवळ लोखंडाची लय पाहावी, असा हा आग्रह होता. त्याच वर्षी योरिस इव्हेन्स याने रॉटरडॅमच्या त्याच उचल-पुलावर ‘द ब्रुग’ हा अवघ्या काही मिनिटांचा मूकपट केला. कथानक म्हणाल तर एवढेच : आगगाडी येते, थांबते, पुलाचा मधला भाग वर उचलला जातो, जहाज जाते, पूल खाली येतो, गाडी निघते. १९२९ मध्ये लास्लो मोहोली-नॉज याने मार्सेयच्या पुलावर चढून खाली पाहत चित्रे घेतली. पोलादी जाळीतून बंदर, होड्या, रस्ते एखाद्या नक्षीसारखे दिसतात.

हे तिघेही नव्या दृष्टीचे पुरस्कर्ते. त्यांना नोंद करायची नव्हती, डोळ्याला नवीन वळण लावायचे होते. पण इतिहासाने त्यांच्या चित्रांचे काय केले पाहा. मार्सेयचा वाहक-पूल १९०५ मध्ये खुला झाला होता. बंदराच्या तोंडावर उंच तुळईला टांगलेल्या पाळण्यातून तो गाड्या आणि माणसे पलीकडे नेत असे. ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने तो सुरुंगाने उडवला, आणि पुढच्या वर्षी उरलेला भागही पाडण्यात आला. आज तो पूल कसा होता, त्याचे जिने कसे वळत होते, पाळणा कसा टांगला होता हे पाहू इच्छिणारा मनुष्य क्रुल आणि मोहोली-नॉज यांच्या चित्रांकडे जातो. ज्या चित्रांनी स्थळाचे नाव पुसले होते तीच त्या स्थळाची साक्ष झाली आहेत.

रॉटरडॅमचा पूल वाचला. मे १९४० च्या बाँबवर्षावात शहराचा मध्यभाग बेचिराख झाला तरी तो उभा राहिला. १९९३ मध्ये नदीखालून बोगदा झाल्यावर तो रेल्वेला नकोसा झाला. पाडण्याचे घाटत असताना नागरिकांनी विरोध केला, आणि २००० साली त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. २०२२ मध्ये एका अतिधनाढ्य गृहस्थाची उंच डोलकाठ्यांची नौका समुद्रात नेण्यासाठी त्याचा मधला भाग तात्पुरता उतरवण्याची गोष्ट निघाली, तेव्हाही शहर खवळले आणि ते घडले नाही. हे सारे एका मूकपटामुळे झाले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. मात्र आगगाडी जात नसलेल्या पुलासाठी माणसे रस्त्यावर येतात, ती त्याच्या उपयोगासाठी येत नाहीत एवढे नक्की.

म्हणजे न्यूयॉर्कमध्ये नोंद म्हणून घेतलेले चित्र कला झाले, आणि मार्सेयमध्ये कला म्हणून घेतलेले चित्र नोंद झाले. एव्हन्सने ओढलेली रेघ दोन्ही बाजूंनी ओलांडली गेली.

७

आपल्या वाङ्मयात असे ओलांडणे नवे नाही. कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून शिवछत्रपतींची बखर लिहिली, ती हकीगत सादर करण्यासाठी. आज ती मराठी गद्याचा नमुना म्हणून वर्गात वाचली जाते. तिच्यातली छोटी, तुटक, थेट वाक्ये कुणी सौंदर्यनिर्मितीसाठी योजली नव्हती; सांगायचे ते ठामपणे सांगण्याच्या निकडीतून ती आली. उलट बाजूने पाहू. बाबा पदमनजींनी १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहिले ते कथेच्या रूपात. त्यामागे सुधारणेचा हेतू होता हे खरे. पण पात्रे कल्पित होती. आज त्या कथेची गोडी लागून ती वाचणारे थोडे, आणि विधवांच्या तत्कालीन स्थितीचे साधन म्हणून तिच्याकडे जाणारे अधिक. एकीकडे दप्तराचे साहित्य झाले, दुसरीकडे साहित्याचे दप्तर झाले.

या दोन्ही वाटांवर काहीतरी मिळते तसे काही हरवतेही, आणि शिकवणाऱ्याने ते ध्यानात ठेवायला हवे असे आम्हांला वाटते. रंगाऱ्यांचे चित्र संग्रहालयाच्या भिंतीवर चौकटीत लागते तेव्हा त्याचा क्रमांक, नोंदवहीतली ओळ, आधीची आणि नंतरची काच गळून पडते. वीस हजारांतले एक असणे हा त्या चित्राच्या अर्थाचा भाग होता. एकट्याने लटकताना ते एखाद्या प्रतिभावंताची क्षणिक झेप वाटू लागते. न्यूयॉर्कच्या अभिलेखागाराने २०१२ मध्ये आपली लाखो चित्रे सर्वांसाठी महाजालावर ठेवली, याचे महत्त्व म्हणूनच मोठे. तिथे उत्कृष्ट चित्राच्या शेजारी साधे चित्रही दिसते, गंजलेला खांब दिसतो, तुंबलेली रहदारी दिसते, आणि ते उत्कृष्ट चित्र कशातून वर आले हे कळते. बखरीतला एखादा वेचा पाठ्यपुस्तकात वाचणे आणि सबंध बखर वाचणे यांत जो फरक आहे, तोच हा.

आपल्या शहरांतल्या पुलांचे काय, हा प्रश्न यातून सहज निघतो. मुंबईत मशीद बंदराजवळचा १८६८ चा कर्नाक पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये पाडण्यात आला. त्याच्यावरून दीडशे वर्षे माल आणि माणसे गेली. तो ब्रुकलिन पुलासारखा भव्य नव्हता. त्याच्यावर कुणी दीर्घकाव्य लिहावे असेही त्याच्यात काही नव्हते. पाडतानाची छायाचित्रे मात्र निघाली आणि छापूनही आली. तो उभा असताना त्याच्या तुळया तपासायला, त्याचा रंग पाहायला, त्याच्या भेगा मोजायला जी माणसे वेळोवेळी गेली असतील, त्यांच्या नोंदी हे त्याचे खरे चरित्र होय. सार्वजनिक कामांच्या दप्तरांत अशी चित्रे बिलांना टाचलेली असतात आणि बिलांबरोबरच निकालात निघतात. त्यांतले प्रत्येक चित्र सुंदर असेल असे आम्ही म्हणत नाही. वीस हजार काचा जपल्या नसत्या तर त्यांतली एक नजर कुणाला ओळखता आली नसती, एवढेच आमचे म्हणणे आहे.

सामान्य पुलाचे सौंदर्य पाहण्यासाठी रसिकता लागते हे आपण मान्य करतो. तिच्याइतकीच निगा लागते हे आपण सहसा मान्य करीत नाही. कारण निगा हा शब्द आपण व्यवहाराच्या खात्यावर टाकला आहे आणि सौंदर्य हा कलेच्या. द सालिन्याकच्या नोंदवहीत ती दोन खाती वेगळी नव्हती. तारेवर गंज कुठे चढतो आहे हे पाहायला गेलेल्या माणसाला ती तार कशी ताणली आहे हेही दिसले, आणि दोन्ही त्याने एकाच काचेवर घेतले.